सरासरी गुण आणि गगनबावड्याचा पाऊस

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रे येतात ती नव्वद-पंच्याण्णव टक्केवाल्यांची. विद्यार्थिमित्रहो, हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांच्याविषयी घरात आणि शाळेत "तसा मध्यमच आहे" असे बोलले जाते, पंचावन्न-साठ टक्क्यांवर ज्यांची गाडी थांबते, त्यांच्याशी आज बोलायचे आहे. अशा मुलामुलींना विज्ञान आवडत नाही असे मुळीच नाही. पण वैद्यकीयच्या यादीत आपले नाव लागणार नाही हे त्यांना कळून चुकलेले असते, आणि "नुसती बी.एस्सी. करून काय करणार?" हा प्रश्न पाहुणेरावळेही विचारू लागलेले असतात. मग विज्ञानातली अशी कोणती पदवी घ्यावी, की जी आपल्याला झेपेल आणि पूर्ण झाल्यावर हाताला कामही देईल?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपण आधी गगनबावड्याला जाऊन येऊ.

कोल्हापूरहून पश्चिमेला सुमारे ५५ किलोमीटर गेले की सह्याद्रीच्या ऐन धारेवर हे गाव लागते. पलीकडे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. अरबी समुद्रावरून आलेले दमट वारे या भिंतीला अडून वर चढतात. वर चढलेली हवा प्रसरण पावते, थंड होते, आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली येते. त्यामुळे गगनबावड्याला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एखाद्या वर्षी त्याहूनही बराच अधिक. आता तेथून पूर्वेला शंभरएक किलोमीटरवर, त्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात या. तेथे जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस होतो.

कोल्हापूर जिल्ह्यात १२ तालुके आहेत. त्या सर्वांच्या पावसाची बेरीज करून १२ ने भागले की जिल्ह्याची सरासरी निघते. गणित बरोबर आहे. पण तो आकडा गगनबावड्याचाही नाही आणि शिरोळचाही नाही. त्यावर विसंबून शिरोळच्या शेतकऱ्याने जिरायत पीक घेतले तर ते वाळेल, आणि गगनबावड्याच्या शेतकऱ्याने घराभोवती त्या बेताचे चर खणले तर पाणी माजघरात शिरेल.

जमिनीचेही तसेच आहे. गगनबावड्याच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती. वर्षानुवर्षांच्या पावसाने तिच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेले आहे, म्हणून ती आम्लधर्मी. शिरोळकडे काळी भारी जमीन. उसाला वारेमाप पाणी आणि निचरा कमी, त्यामुळे पुष्कळ शेते क्षारपड झालेली. समजा एका मातीचा सामू ५.५ आला आणि दुसरीचा ८.५. सरासरी किती? ७. म्हणजे कागदावर दोन्ही शेते उदासीन, अगदी उत्तम! (सामूची अशी सरासरी काढणे शास्त्राला धरून नाही, ते का हे तुमच्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारा.) प्रत्यक्षात एकाला चुना टाकायला हवा आणि दुसऱ्याला निचऱ्याचे चर काढायला हवेत.

आता तुमची गुणपत्रिका काढा.

समजा दोन विद्यार्थी आहेत. पहिल्याचे गुण असे : भौतिकशास्त्र ४१, रसायनशास्त्र ६८, गणित ३८, जीवशास्त्र ७२, मराठी ६१, इंग्रजी ५०. दुसऱ्याचे याच क्रमाने ५४, ५६, ५५, ५३, ५७, ५५. बेरीज करून पाहा. दोघांचीही ३३०, दोघांनाही ५५ टक्के. दोघांनाही लोक मध्यम म्हणणार आणि दोघांनाही एकच सल्ला देणार. पण पहिल्याच्या गुणपत्रिकेत एक गगनबावडा आहे आणि एक शिरोळ आहे. त्याने यंत्रे आणि समीकरणे यांच्यापासून थोडे लांब, रसायने आणि जिवंत वस्तू यांच्या जवळ जाणारा अभ्यासक्रम पाहावा. दुसऱ्याला कोणत्याच विषयाची भीती नाही आणि कोणत्याच विषयाने अजून ओढून घेतलेले नाही. त्याचा निर्णय गुणांवरून होणार नाही, कामाचे स्वरूप पाहूनच करावा लागेल.

एकाच परीक्षेवर जाऊ नका. नववीपासूनच्या चाचण्या, सहामाही, वार्षिक असे जेवढे आकडे मिळतील तेवढे मांडा. एखादा पेपर ताप अंगात असतानाही दिलेला असतो. पण चार वर्षे सतत जो विषय वर राहिला, तो योगायोगाने राहिलेला नसतो.

येथे एक सावधगिरी. बारावीला शास्त्रविषयांत लेखीचे ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. त्या ३० पैकी २७-२८ बहुतेक सर्वांच्याच पदरात पडतात. तेव्हा "मला प्रात्यक्षिकात २८ आहेत, म्हणजे माझा हात चांगला" असा निष्कर्ष काढू नका. हात कसा आहे हे पाहायला दुसरी कसोटी लागते. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

पदवीची नावे फार फसवी असतात. नावात 'तंत्रज्ञान' आले की ते भारी आणि नुसते 'रसायनशास्त्र' असले की ते हलके, असे नसते. विचारायचा प्रश्न एकच : ही पदवी घेतलेला माणूस सकाळी कामावर गेल्यावर संध्याकाळपर्यंत करतो काय? हे पाहायला मुंबई-पुण्याला जायला नको. गगनबावडा ते कोल्हापूर या एका रस्त्यावर ते दिसते.

गावातली दूधसंस्था घ्या. पहाटे म्हशीचे दूध घेऊन माणसे रांगेत उभी असतात. दर ठरतो फॅटवर आणि फॅटविरहित घनपदार्थांवर. तो मोजण्याची जुनी आणि अजूनही प्रमाण मानली जाणारी रीत गर्बर यांची. एका खास काचनळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालायचे, बूच लावून नळी उलटीसुलटी करायची आणि यंत्रात गरगर फिरवायची. आम्लाने प्रथिने विरघळतात, स्निग्धांश सुटा होऊन नळीच्या मानेत चढतो आणि तेथल्या खुणांवर टक्केवारी वाचता येते. आता बहुतेक संस्थांत विजेचे यंत्र क्षणात आकडा देते. पण ते यंत्र खरे सांगते की नाही हे पाहायला पुन्हा गर्बरच्या नळीकडेच यावे लागते. नळीतल्या एका बारीक रेघेने एखाद्या घरचे महिन्याचे बिल बदलते. ती रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचणे, पाचशेव्या नळीलाही पहिल्या नळीइतक्याच काळजीने वाचणे, हे ते काम.

कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला. 'गोकुळ' म्हणून तुम्ही त्याला ओळखता. अशा मोठ्या दुग्धालयात दोन वेगळ्या प्रकारची माणसे लागतात. एक प्रयोगशाळेतला रसायनज्ञ, दुसरा यंत्रशाळेतला दुग्धतंत्रज्ञ. दुग्धतंत्रज्ञानाची चार वर्षांची पदवी आपल्या राज्यात पुसदजवळ वरुडला आणि उदगीरला मिळते. पण तिच्यात बाष्पक, शीतकरण, उष्णतेची देवाणघेवाण असे अभियांत्रिकीचे विषय बरेच असतात आणि बारावीला गणित असावे लागते. आपल्या पहिल्या विद्यार्थ्याने 'दूध म्हणजे जीवशास्त्र' असे समजून तेथे प्रवेश घेतला तर तो अडकेल. त्याच दुग्धालयात तो रसायनशास्त्राची किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची बी.एस्सी. घेऊन प्रयोगशाळेच्या दाराने आत जाऊ शकतो. इमारत एकच, दारे दोन. हे आधी कळलेले बरे.

त्याच रस्त्यावर गगनबावडा तालुक्यात पळसंब्याजवळ एक साखर कारखाना आहे आणि कोल्हापूरच्या अलीकडे कुडित्र्याला कुंभी-कासारी कारखाना. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचे दोन आकडे अखंड काढले जातात. रसात विरघळलेले एकूण घनपदार्थ म्हणजे ब्रिक्स. त्यातली साखर किती हे ध्रुवित प्रकाश किती वळतो त्यावरून कळते, तो पोल. पोलला ब्रिक्सने भागून १०० ने गुणले की शुद्धता. ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल तर शुद्धता ८५. एवढेच गणित, ते सहावीच्या मुलालाही येईल. पण हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. रात्री तीन वाजता, बाहेर कडाक्याची थंडी असताना, डोळ्यांवर झोप असताना हाच आकडा पुन्हा काढायचा असतो, आणि त्यावर पॅनमन आपले काम बेततो. ज्याला ठरावीक वेळेला झोप लागते आणि ती मोडली की दिवस वाया जातो, त्याने याचा विचार आधी करावा. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखरतंत्रज्ञानाचे आणि मद्यार्कनिर्मितीचे पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतात. साखरपट्ट्यातल्या 'नुसत्या बी.एस्सी.'ला मिळालेला हा फार चांगला जोडरस्ता आहे. पाहुण्यांना तो सहसा माहीत नसतो.

कृषी पदवीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण शेतकऱ्याच्या घरातूनच तिला विरोध होतो. "शेतीच करायची तर शिकायचे कशाला?" कोल्हापूरला कृषी महाविद्यालय आहे, ऊस व गूळ संशोधन केंद्रही आहे. कृषी पदवी चार वर्षांची. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. मातीपरीक्षण, बियाणे, कीडरोग, पतपुरवठा, असे सगळे थोडेथोडे शिकवतात. मघाच्या दोन मात्या आठवा. एकाच जिल्ह्यात आम्ल जमीनही आहे आणि क्षारपडही. नमुना कोठून, किती खोलीवरून घेतला, बांधाजवळचा की शेणखताच्या ढिगाजवळचा, यावर प्रयोगशाळेतल्या उत्तराचा खरेखोटेपणा ठरतो. नमुना चुकीचा असेल तर लाखांचे यंत्रही चुकीचेच उत्तर देणार. ज्या मुलाला बांधावर बसून म्हाताऱ्या शेतकऱ्याचे तासभर ऐकून घेता येते, त्याने ही पदवी जरूर घ्यावी. लोकांशी बोलायला ज्याला नको वाटते, त्याने प्रयोगशाळाच धरावी. माझ्या मते कृषी पदवीत गुणांइतकाच हा स्वभाव महत्त्वाचा ठरतो.

घाटाकडे पाहा. करूळचा घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी कित्येक महिने बंद होता. माल आणि माणसे दुसऱ्या घाटांनी वळवावी लागली. डोंगर कापताना कोणता खडक टिकेल, कोणता पावसात सुटून खाली येईल, जांभ्याखालचा कातळ कोठे लागेल, हे सांगणारे शास्त्र भूविज्ञान. त्याची बी.एस्सी. मोजक्याच महाविद्यालयांत असते, म्हणून मुलांना ती ठाऊक नसते. भूजल सर्वेक्षण, खाणी, धरणांची कामे, बोगदे येथे तिची गरज लागते. पायपिटीची तयारी मात्र हवी.

वैद्यकीय प्रयोगशाळा, परिचर्या आणि औषधनिर्माण यांविषयी तुम्ही पुष्कळ ऐकलेले असते, म्हणून येथे लांबण लावत नाही. फक्त एवढे पाहा की संस्थेला त्या-त्या परिषदेची मान्यता आहे की नाही. मान्यता नसलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय कामाला हात लावता येत नाही. रंगीत पत्रकावर 'शंभर टक्के नोकरी' असे छापले असेल तर तेथून दोन माजी विद्यार्थ्यांचा पत्ता मागा. पत्ता मिळाला नाही तर उत्तर मिळाले असे समजा.

आणखी एक गोष्ट प्रवेशाआधी तपासायची राहून जाते : डोळे. अनुमापन करताना फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग कोणत्या थेंबाला आला, काचपट्टीवरल्या पेशी जांभळ्या की तांबड्या, यांवर पुष्कळ कामे अवलंबून असतात. काहीजणांना, त्यातही मुलांना अधिक, लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि आपल्याला कळत नाही हे त्यांना वर्षानुवर्षे माहीतही नसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे दिसून आले आणि रंगकाम सुटले. पण रेषा उत्तम येत होती. त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाकडे मोर्चा वळवला, पुढे तो विषय मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवला, मग बेळगावात सायकली विकल्या, लोखंडी नांगर काढला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांना रंग दिसत नव्हते, याचा अर्थ त्यांना काहीच जमणार नव्हते असा कोणी लावला असता तर? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठिपक्यांच्या आकड्यांचे एक पुस्तक असते. पाच मिनिटांचे काम आहे, प्रवेश घेण्याआधी करून घ्या.

पैशांचेही बोलले पाहिजे. साधी बी.एस्सी. बारावीच्या गुणांवर मिळते. तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबता येते किंवा नव्या धोरणानुसार चौथे वर्षही करता येते. कृषी, औषधनिर्माण यांना राज्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमांत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे शिक्षणशुल्क २०२४-२५ पासून राज्य शासन पूर्ण भरते. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झाला असला पाहिजे. व्यवस्थापनाच्या जागेवर पैसे भरून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. तेव्हा घाईघाईने, फेऱ्या संपण्याआधीच कोठेतरी जागा धरण्यासाठी वडिलांना कर्ज काढायला लावू नका. आणि हिशेबात शुल्काबरोबर खोलीचे भाडे, मेस आणि गाडीभाडेही लिहा. गगनबावड्याच्या मुलाला रोज ५५ किलोमीटर जाऊन तितकेच परत यायचे म्हटले तर पावसाळ्यात दिवस एसटीतच जाईल.

आता राहिली हाताची कसोटी. तिला एक रिकामी बाटली पुरते.

सरळ बाजूंची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून, उलटा करून, नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवा. तळ खडबडीत असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तेथपर्यंत पाणी भरा आणि तेथे शून्याची खूण करा. तेथून वर मोजपट्टी चिकटवा. बाटली उघड्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर, दगडांनी पक्की रोवा. पाणी १ सेंटिमीटर चढले की १० मिलिमीटर पाऊस झाला. १ जुलैपासून ३१ तारखेपर्यंत रोज सकाळी साडेआठ वाजता आकडा वाचा, लिहा, आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा. हवामानखात्याचे पर्जन्यमापकही याच वेळेला वाचतात.

महिनाअखेर वही उघडा. त्यातला पाऊस किती हे नंतर पाहू. आधी हे पाहा की रविवारची नोंद आहे का? ज्या दिवशी छत्री उलटी होत होती, त्या दिवशीची आहे का? आणि ज्या दिवशी तुम्ही विसरलात, त्या दिवशीचा रकाना कोरा आहे, की त्यात अंदाजाने एक आकडा बसवलेला आहे?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गगनबावड्याच्या रानात पडलेले पाणी कुंभी नदीने पंचगंगेत येते. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ ते ३९ फुटांवर गेले की इशारा देतात, ४३ फूट ही धोक्याची पातळी. पुढे ते नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, म्हणजे शिरोळ तालुक्यात, जेथे स्वतःचा पाऊस जेमतेम आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये तेथली गावे पाण्याखाली गेली ती वरच्या पावसाने. गगनबावड्याला नोंद घेणाऱ्याने कोऱ्या रकान्यात मनचा आकडा लिहिला तर तो खाली कोणाच्या अंगणापर्यंत पोहोचेल ते पाहा. दुधाच्या नळीचे, रक्ताच्या नमुन्याचे, उसाच्या रसाचे हेच आहे. ज्याच्या वहीत तीन रकाने कोरे आहेत आणि बाकीचे खरे आहेत, त्याला ५५ टक्के असोत की ५०, त्याने निर्धास्तपणे प्रयोगशाळेची वाट धरावी. ज्याची वही काठोकाठ भरलेली आहे पण त्यातले पाच आकडे घरात बसून लिहिलेले आहेत, त्याने थोडे थांबून विचार करावा, मग गुण कितीही असोत.

वहीत आणखीही काही दिसेल. कोणी आठ दिवसांत बाटली बदलून जास्त चांगली केली असेल, नरसाळ्याला जाळी लावली असेल. त्याचा ओढा उपकरणांकडे आहे, त्याने पदविका अभ्यासक्रमही जरूर पाहावेत. कोणी आकड्यांचा आलेख काढला असेल, त्याने संख्याशास्त्राचा विचार करावा. कोणी पाऊस मोजून झाल्यावर ओढ्याचे पाणी किती चढले हे पाहायला गेला असेल. भूविज्ञान आणि कृषी यांना अशी माणसे हवी असतात. आणि कोणाला चौथ्याच दिवशी कंटाळा आला असेल. त्याचेही काही बिघडले नाही, एका फुकटच्या बाटलीवर त्याची तीन-चार वर्षे वाचली.

आता एक उदाहरण सोडवा. सरकारी पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असते, तेव्हा १ मिलिमीटर पावसाचे २० मिलिलिटर पाणी जमते. आतली बाटली ४ लिटरची असेल तर किती पावसाने ती भरेल? गगनबावड्याला जुलैत एका दिवसात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस होणे नवे नाही, तेव्हा तेथे ती चालेल का? १० लिटरची ठेवली तर किती पावसापर्यंत पुरेल? आणि एका सकाळी तीही भरून वाहत असलेली आढळली, तर त्या दिवसाच्या रकान्यात तुम्ही काय लिहाल?